खोली

दिरे दावातल्या गिर्माचेवच्या स्टुडिओत
ऑक्टोबरभर खुर्ची गार होत नाही.
व्हिसाच्या लॉटरीचे दिवस.
पांढऱ्या पडद्यापुढे आज सकाळपासून बावीस चेहरे,
कान दिसणारे, न हसणारे,
कधी न पाहिलेल्या साहेबाच्या
थेट डोळ्यांत बघणारे.

येशिमेबेत आली ती चेहरा फोनमध्ये घेऊन.
"नवऱ्याचा. तो जिबूतीच्या रस्त्यावर आहे, ट्रक घेऊन.
हाच लाव आणि फॉर्म भरून टाक."

गिर्माचेवने फाइल उघडली, माहितीची चौकट उघडली.
रंगाची खोली: आठ बिट.
"नाही चालायची. चोवीस लागते."
"आमची खोली दहा बाय दहा," ती म्हणाली,
"पाच जण झोपतो. ह्याला एकट्याला चोवीस?"

तो हसला नाही. त्याला समजावायची हौस होती.
"केफिराच्या बाजारात टोपल्या विणते ना ती म्हातारी,
समज, तिच्याकडे रंगवलेल्या गवताच्या
दोनशे छप्पन्नच काड्या आहेत.
हवा तो रंग नसला की
ती जवळातली जवळची काडी ओवते.
लांबून टोपली छान दिसते.
आता हे बघ."
आणि त्याने अस्फावचं कपाळ मोठं केलं.

कपाळाला पायऱ्या पडल्या होत्या.
गाल म्हणजे एकच तपकिरी पट्टा,
मानेखाली सगळा काळोख सपाट,
जणू आमच्यासारख्यांना रंगवताना
काड्या अर्ध्यातच संपल्या.

"मग वाढव की खोली. मशीन आहे ना तुझ्याकडे?"
वाढवली. दोन क्लिक.
चौकटीत आता चोवीस लिहून आलं,
आणि पायऱ्या होत्या तिथेच.
आडात नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?
फॉर्मने मात्र ते निमूट गिळलं असतं.
त्याचं बोट बटणावर थोडा वेळ थांबलं.
मग त्याने फाइल पुसली.
"माणूस आण."

अस्फाव गुरुवारी आला, रात्री नऊला,
भुवयांवर दनाकिलची धूळ.
"तोंड धू," ती म्हणाली. "राहू दे," गिर्माचेव म्हणाला,
मग त्यालाच पटलं नाही, आणि त्याने टॉवेल दिला.

लाल आठ बिट, हिरवा आठ, निळा आठ.
एक कोटी सदुसष्ट लाख
सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा रंग;
त्यातले किती एका ड्रायव्हरला लागतात
कुणी मोजलं नसेल.
पण ओठांच्या कडेला जांभळं आलं,
कानशिलावरच्या जुन्या वणाला स्वतःची छटा आली,
खिडकीकडच्या हाताने उन्हात राहून
गालालाही ओढून घेतलेलं दिसलं,
डावा गाल उजव्याहून गडद.
येशिमेबेत पडद्याजवळ सरकली.

"डोळे असे का?"

आठ बिटांत ते पांढरे होते.
तिथे पिवळ्याला जागा नव्हती,
त्याने जवळची काडी घेतली होती.
इथे होती जागा,
आणि पिवळा येऊन बसला होता
बुबुळाच्या दोन्ही बाजूंना, पातळ,
वरणाच्या निवळीसारखा.

"दिवा पिवळा असेल," अस्फाव म्हणाला.
गिर्माचेवने मागच्या पडद्याचा रंग तपासला.
तो पांढरा होता.

"एक पट्टी सरकवली की जाईल," तो हळूच बोलला,
"पण नियमात बसत नाही. चेहऱ्याला हात लावायचा नाही."
आणि लगेच त्याला वाटलं,
हे आपण नियमाचं का सांगतोय.

भूक किती दिवसांपासून नाही, तिने विचारलं.
अस्फावने टॉवेलची घडी घातली.
पुन्हा उलगडली.
ट्रकमध्ये भूक कुणाला लागते, म्हणाला.

फाइल सहाशे बाय सहाशे, चोवीस बिट,
वजनात बसलेली, नियमात बसलेली,
पडद्यावर उघडीच होती.
बाहेर एक बजाज रिक्षा सुरू होत नव्हती,
तिचा मालक तिला आईवरून शिव्या देत होता.

येशिमेबेतने पैसे मोजून ठेवले, दोन प्रतींचे.
"फॉर्म उद्या भरू," ती म्हणाली.
"स्टेशनामागचा दवाखाना
सकाळी किती वाजता उघडतो रे?"